छायाचित्राचे नाव आणि छायाचित्राचे शीर्षक

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत तारीख घालण्याचा कंटाळा न करणारा विद्यार्थी मला वीस वर्षांच्या अध्यापनात क्वचितच भेटला आहे. "सर, रीडिंग बरोबर आहे ना? मग तारखेने काय फरक पडतो?" असा युक्तिवाद दर वर्षी ऐकू येतो. लंबकाच्या प्रयोगात खरोखरच फारसा फरक पडत नाही, कारण गुरुत्वत्वरण सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरे असे नसते. परंतु हाच कंटाळा आता प्रयोगवहीतून निघून फोनमधल्या छायाचित्रांत शिरला आहे, आणि तेथे मात्र त्याने मोठे नुकसान होत आहे. आज प्रत्येक शाळेत प्रकल्प म्हटला की फोटो आलेच. हे फोटो काढले जातात हजारांनी. त्यांतला हवा तो फोटो वर्षभराने नेमका काढून दाखवा म्हटले, की सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, आलेखाच्या अक्षांवर राशी आणि एकक लिहायला आपण जसे शिकवतो, तसेच छायाचित्राला नाव आणि शीर्षक द्यायलाही शाळेतच शिकवले पाहिजे. आणि नाव व शीर्षक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर सर्वांत आधी.

प्रथम कॅमेरा स्वतः काय नाव देतो ते पाहू. एखादे छायाचित्र संगणकावर उतरवा आणि त्याच्या खाली काय लिहिले आहे ते वाचा. 'आयएमजी_४७१२' किंवा 'डीएससी_०८३३' असे काहीतरी असेल. (पडद्यावर ही अक्षरे आणि अंक रोमन लिपीत दिसतात, येथे ती देवनागरीत छापली आहेत, एवढेच.) यामागे एक नियम आहे. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या एका संघटनेने १९९८ साली डिजिटल कॅमेऱ्यांसाठी तो ठरवला. फाइलचे नाव आठ चिन्हांचे. पहिली चार उत्पादकाच्या मर्जीची, शेवटची चार म्हणजे ०००१ ते ९९९९ पर्यंतचा अंक. आठच चिन्हे का? तर जुन्या डॉस पद्धतीच्या संगणकांवर फाइलचे नाव आठ चिन्हांपेक्षा लांब चालत नसे, आणि ती मर्यादा या नियमात उतरली. वापरात नसलेल्या यंत्राच्या सवयी नव्या यंत्रात कशा टिकून राहतात, याचा हा एक गमतीदार नमुना आहे.

आता थोडे गणित करा. तुमच्या घरचा कॅमेरा सरासरीने दिवसाला ३० छायाचित्रे काढतो असे समजा. ९९९९ ला ३० ने भागा. उत्तर सुमारे ३३३ दिवस येते. म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आतच कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो आणि तुमच्या संग्रहात एकाच नावाची दोन छायाचित्रे तयार होतात. कॅमेऱ्यातल्या कार्डावर ती वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. या फोल्डरांना १०० ते ९९९ असे क्रमांक असतात, म्हणून तेथे गोंधळ होत नाही. परंतु तुम्ही सगळे उचलून संगणकाच्या एकाच फोल्डरमध्ये ओतलेत, की संगणक विचारतो, "या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?" आणि घाईत असलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो! एक छायाचित्र गेले. कोणते गेले तेही कळत नाही. चार मित्रांनी चार कॅमेऱ्यांतून काढलेले फोटो एकत्र करताना हा प्रसंग पहिल्याच दिवशी येऊ शकतो.

पुष्कळ अँड्रॉइड फोन याहून शहाणे आहेत. ते नावातच वर्ष, महिना, दिवस आणि वेळ घालतात. तेवढ्यापुरते ते ठीक.

यावर मुले काय उपाय करतात? नाव बदलतात, आणि 'न्यू', 'न्यू१', 'फायनल', 'फायनल_न्यू', 'फायनल_खरोखरच' अशी वंशावळ सुरू होते. हे मी गमतीने लिहीत नाही. प्रदर्शनासाठी आलेल्या पेनड्राइव्हवर असली नावे मी दर साल पाहतो. दुसरे काही जण जरा काव्यात्म असतात. 'सुंदर संध्याकाळ', 'माझा गाव'. नाव वाचून बरे वाटते, पण कोणती संध्याकाळ, हे दोन वर्षांनी खुद्द कवीलाही आठवत नाही.

हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्माला आलेला नाही. छायाचित्रण काचेवर होत असे, तेव्हापासून शास्त्रज्ञांना तो सोडवावा लागला आहे. त्याचे एक उदाहरण पदार्थविज्ञानाच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे आणि मला ते नावांच्या दृष्टीनेच अधिक आवडते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत १०० इंच व्यासाची हूकर दुर्बीण होती. एडविन हबल हा खगोलशास्त्रज्ञ १९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तिच्यातून देवयानी तारकासमूहातील अभ्रिकेची छायाचित्रे घेत होता. तेव्हा छायाचित्र काचेच्या प्लेटवर उमटे. त्यांपैकी एका प्लेटचा क्रमांक होता 'एच ३३५ एच'. पहिला एच म्हणजे हूकर दुर्बीण, ३३५ हा अनुक्रमांक आणि शेवटचा एच म्हणजे हबल. कोणत्या यंत्रातून, कितवे, कोणी, इतकेच नावात होते. चित्रात काय आहे, याबद्दल त्या नावात एक अक्षरही नव्हते!

चित्रात काय आहे ते हबलने काचेवरच शाईने टिपले होते. तीन ठिकाणी त्याला नवतारे, म्हणजे एकाएकी तेजस्वी होऊन मग मंदावणारे तारे, दिसले असे वाटले. म्हणून त्याने प्रत्येकाशेजारी नवताऱ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर, एन, लिहिले. पुढे त्याने त्याच भागाच्या जुन्या प्लेट काढून ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील एक बिंदू पूर्वीही कधी उजळ तर कधी मंद दिसलेला आढळला. तो नवतारा नव्हता. तो ठरावीक काळाने तेजस्विता बदलणारा रूपविकारी तारा होता. हबलने तो 'एन' खोडला आणि शेजारी रूपविकारी या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकले. त्या ताऱ्याचा आवर्तकाळ सुमारे ३१ दिवस निघाला. हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ साली अशा ताऱ्यांचा आवर्तकाळ आणि त्यांची तेजस्विता यांतला संबंध दाखवून दिलेला होता. त्यावरून हबलला अंतर काढता आले. ते नऊ लाख प्रकाशवर्षांच्या वर भरले. (आज आपण ते सुमारे २५ लाख मानतो.) म्हणजे ती अभ्रिका आपल्या आकाशगंगेतली नव्हती, ती स्वतंत्र दीर्घिका होती. विश्व एकाएकी केवढे तरी मोठे झाले.

आता यात आपल्या कामाचे काय आहे? पहिली गोष्ट, जुन्या प्लेट कोणत्या रात्रीच्या हे नक्की माहीत नसते तर ३१ दिवसांचा आवर्तकाळ निघालाच नसता. नुसत्या तेजस्वितेच्या ठिपक्यांना कोणी आवर्तकाळ म्हणत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हबलचे मत बदलले तेव्हा वर्णन बदलले, पण प्लेटचा क्रमांक बदलला नाही. 'एच ३३५ एच' ही आधीही तीच होती आणि आजही तीच आहे. समजा, त्याने सुरुवातीलाच तिचे नाव 'तीन नवतारे' असे ठेवले असते आणि वहीत, पत्रांत, यादीत सगळीकडे तसेच लिहिले असते, तर मत बदलल्यावर सगळीकडचे नाव बदलत बसावे लागले असते. किंवा चुकीच्या नावाने ती प्लेट कायमची ओळखली गेली असती.

तुमच्या ओळखीचे उदाहरण देतो. वर्गात तुमचा हजेरी क्रमांक दर वर्षी बदलतो. तुकडी बदलते. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधला तुमचा क्रमांक पहिल्या दिवशी पडला तो पडला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच येतो. शिक्षकांचे तुमच्याविषयीचे मत मात्र तिमाही, सहामाही, वार्षिक असे बदलत राहते आणि ते बदललेच पाहिजे! फाइलचे नाव हा जनरल रजिस्टरमधला क्रमांक आहे. शीर्षक हे प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखे आहे.

म्हणून नाव एकदाच द्यावे आणि ते पुन्हा बदलू नये. त्यात मत नसावे, अंदाज नसावा. शीर्षकात मात्र काय दिसते, कोण आहे, कुठले आहे, का काढले, हे सारे लिहावे आणि नवी माहिती मिळाली की खुशाल दुरुस्त करावे. 'बुलबुल' असे फाइलचे नाव ठेवलेत आणि पुढे पक्षिमित्रांनी तो वेगळाच पक्षी असल्याचे सांगितले, तर तुमच्या वहीतले सगळे संदर्भ लटके पडतील. शीर्षकात 'बहुधा बुलबुल' लिहा. 'बहुधा' हा शब्द लिहायला लाजू नका. विज्ञानात तो फार प्रतिष्ठित शब्द आहे.

नाव कसे रचावे याविषयी निरनिराळी मते आहेत. माझे मत असे, की आधी तारीख, मग हवे तर प्रकल्पाचा एक लहान शब्द, मग कॅमेऱ्याने दिलेला मूळ अंक. फोटो काढणारे अनेक असतील तर हबलप्रमाणे शेवटी आद्याक्षर. '२०२५-०६-१५_विहीर_४७१२_स'. एवढे पुरे.

तारीख अशी उलटी का लिहायची? वर्ष-महिना-दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आयएसओ ८६०१ या मानकात नेमून दिला आहे. पण मानक आहे म्हणून नव्हे, त्यातले मर्म समजून घ्या. संगणक नावे लावतो ती शब्दकोशातल्या शब्दांसारखी, डावीकडून एकेक चिन्ह पाहत. आता २६-०१-२०२३, १५-०८-२०२४ आणि ०२-१०-२०२५ या तीन तारखा आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहून त्याच्या हाती द्या. तो प्रथम ०२ घेईल, मग १५, मग २६. प्रजासत्ताक दिन सर्वांत शेवटी आणि गांधी जयंती सर्वांत आधी. काळाचा क्रम बरोबर उलटा झाला! वर्ष प्रथम लिहिले की शब्दकोशाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. हे संख्यांच्या स्थानिक किमतीसारखेच आहे. सर्वांत मोठे स्थान डावीकडे. महिना एक अंकी असेल तर आधी शून्य लिहायचे ते याचसाठी. नाही तर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. काही संगणक आता अंक ओळखून नीट लावतात, पण सगळेच लावत नाहीत, आणि तुमची फाइल उद्या कोणाच्या यंत्रावर जाईल हे तुम्हाला ठाऊक नाही.

फाइलचे नाव मराठीत लिहावे की नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याचे मला कौतुक वाटते, पण माझे उत्तर 'शक्यतो नको' असे आहे. मराठीचा अभिमान कमी आहे म्हणून नव्हे. कारणे तांत्रिक आहेत. संगणकात युनिकोड या संकेतानुसार देवनागरी चिन्हे साठवताना नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. रोमन अक्षराला एक. 'सूर्यास्त' हा शब्द घ्या. स, ऊकार, र, हलन्त, य, काना, स, हलन्त, त अशी नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. लिनक्ससारख्या प्रणालींवर फाइलचे नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे फार तर ८५ मराठी चिन्हे. ही अडचण तशी लहानच. मोठी अडचण निराळी आहे. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ' पाहा. तो संगणकात एकाच संकेताने लिहिता येतो, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण बाइट निराळे. मॅक संगणकांची २०१७ पूर्वीची फाइल-पद्धत अशी चिन्हे आपणहून फोडून ठेवत असे. मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन 'किनाऱ्यावर' असे शोधले, की समोर दिसत असूनही ती सापडायची नाही! मराठी भाषेत 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांचे शब्द किती आहेत ते मोजा, म्हणजे या बारीकशा ठिपक्याची करामत ध्यानात येईल. अंकांचेही तसेच. काही नावांत देवनागरी अंक आणि काहींत रोमन असले की संगणक रोमन अंकांची सर्व नावे आधी लावतो.

याखेरीज विंडोज प्रणालीत तिरपी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह अशी काही चिन्हे नावात चालतच नाहीत. साधी रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढ्यावरच भागवावे. मराठीची सारी हौस शीर्षकात भागवावी. तेथे तिला भरपूर जागा आहे.

मग शीर्षक लिहायचे कुठे? येथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचा एक लहानसा भागही असतो. कॅमेरा त्यात आपणहून पुष्कळ काही लिहितो. वेळ, उघडझापेचा कालावधी, भिंगाचे नाभीय अंतर, कधी कधी अक्षांश-रेखांशही. या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. ती १९९५ साली निघाली. (उघडझापेचा कालावधी माहीत असेल, तर धावत्या चेंडूच्या पुसट रेषेच्या लांबीवरून त्याचा वेग काढता येतो. करून पाहा.) शीर्षक व वर्णन लिहिण्यासाठीही फाइलमध्येच जागा आहे. एक्झिफमधील वर्णनाची जागा नियमाप्रमाणे साध्या रोमन अक्षरांपुरतीच होती. २०२३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तेथे युनिकोडला वाव मिळाला. पण त्याआधीपासून, २००१ साली आलेल्या एक्सएमपी या पद्धतीत मराठी वर्णन व्यवस्थित लिहिता येते, आणि छायाचित्रे हाताळणारे बरेच चांगले प्रोग्रॅम ती वाचतात.

परंतु सगळेच अ‍ॅप शीर्षक फाइलच्या आत लिहीत नाहीत. काही अ‍ॅप ते आपल्या स्वतःच्या नोंदवहीत ठेवतात. तुम्ही हौसेने पाचशे फोटोंना शीर्षके दिलीत, पुढे फोटो दुसरीकडे नेले, तर शीर्षके मागेच राहू शकतात. भाड्याचे घर सोडताना भिंतीवरच्या खुणा राहून जातात तशी. गूगल फोटोजमधून सगळा संग्रह उतरवून घेतला, तर तुम्ही लिहिलेले वर्णन शेजारच्या एका निराळ्या फाइलमध्ये येते. अ‍ॅपलच्या फोटोज या अ‍ॅपमधून छायाचित्र बाहेर काढताना, फाइलला मूळ नाव द्यायचे की शीर्षकच नाव म्हणून वापरायचे, असा पर्याय पुढे येतो. हे आपले आधी वाचलेल्या दोन गोष्टींचे भांडण! तेथे मूळ नावच निवडा, आणि शीर्षक फाइलच्या आत घालण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. दोन-चार फोटोंवर हा प्रयोग करून, ते दुसऱ्या संगणकावर उघडून, शीर्षक बरोबर आले का हे पाहिल्याशिवाय पाचशे फोटोंचे काम अंगावर घेऊ नये.

ज्यांना ही यातायात नको असेल त्यांनी एक साधी दोनशे पानी वही करावी. डाव्या बाजूला फाइलचे नाव, उजव्या बाजूला शीर्षक. वहीला बॅटरी लागत नाही.

आता या निष्काळजीपणाची किंमत काय पडते ते सांगतो. एका खेड्यातल्या शाळेतील नववीच्या मुलांनी गावच्या विहिरीचा प्रकल्प केला होता. दर रविवारी एकाने विहिरीपाशी जायचे, ठरलेल्या जागी उभे राहून फोटो काढायचा. विहिरीला पायऱ्या होत्या, त्यामुळे फोटोत कोरड्या पायऱ्या मोजल्या की पाण्याची पातळी कळे. किती सुरेख कल्पना! ना उपकरण, ना खर्च. वर्षभर आळीपाळीने मुले गेली. पावसात गेली, परीक्षेच्या आठवड्यातही गेली. आमच्या महाविद्यालयातल्या प्रदर्शनात हा प्रकल्प आला तेव्हा ४६ फोटो होते, आणि सर्वांच्या नावात एकच तारीख! झाले होते असे, की प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात सर्वांनी आपापले फोटो निरोप पाठवण्याच्या अ‍ॅपवरून एका गटात टाकले होते. अशा रीतीने पाठवलेल्या फोटोच्या आतली माहिती बहुधा गळून पडते आणि नावात तारीख असलीच तर ती पाठवल्याची असते, काढल्याची नव्हे. पायऱ्या सर्व फोटोंत स्वच्छ मोजता येत होत्या. आलेखाचा य-अक्ष हातात होता. क्ष-अक्ष हरवला होता.

मुलांपैकी एकीने तोड सुचवली, की पायऱ्यांच्या संख्येप्रमाणेच फोटो क्रमाने लावू. ही सूचना वरवर शहाणपणाची वाटते, पण तिच्यात काय दोष आहे ते तुम्ही सांगा पाहू. पाणी सतत उतरत गेले असे आधीच धरून फोटो लावायचे आणि मग त्यावरूनच पाणी सतत उतरत गेले असे सिद्ध करायचे! मध्येच अवकाळी पाऊस पडून पातळी वाढली असेल तर तो आठवडा या रचनेत दिसणारच नाही. काही मुलांच्या फोनमध्ये मूळ फोटो शिल्लक होते, त्यांच्या तारखा मिळाल्या. बाकीच्यांनी जागा हवी म्हणून पुसून टाकले होते. एका वर्षाची विहीर पुन्हा भरून आणता येत नाही.

म्हणून फोटो एकमेकांकडे देताना मूळ फाइलच द्यावी. बहुतेक अ‍ॅपमध्ये फोटो 'दस्तऐवज' म्हणून पाठवण्याची सोय असते, किंवा सरळ केबल लावावी. आणि कॅमेऱ्याच्या घड्याळावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ भलत्याच सालात जाऊन बसते. निरीक्षणाच्या सुरुवातीला बरोबर चालणाऱ्या घड्याळाचाच एक फोटो काढून ठेवा. फोटोतले घड्याळ दहा वाजल्याचे सांगत असेल आणि कॅमेऱ्याची नोंद नऊ वाजून चाळीस मिनिटे म्हणत असेल, तर वीस मिनिटे सर्व फोटोंत मिळवायची. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी आपण अशीच काढतो.

शीर्षक किती लांब असावे? एखाद्या अनोळखी माणसाला कोणालाही न विचारता कळेल इतके. मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या दिवसाचे उदाहरण घ्या. भर दुपारी उभ्या नळकांड्याची सावली नाहीशी होते, तो फोटो आपण सगळे काढतो. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येतो, मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास. तिन्ही ठिकाणचे फोटो शेजारी ठेवा. एक नळकांडे, खाली फरशी, सावली नाही. तिन्हींत काडीचाही फरक दिसणार नाही! फरक सगळा चित्राबाहेर आहे, गावाच्या नावात आणि तारखेत. त्या दोन गोष्टी लिहिल्या तर तीन फोटोंवरून सूर्य उत्तरेकडे कसा सरकतो हे दाखवता येते. न लिहिल्या तर हाती उरते ते नळकांडे.

काही जण म्हणतील, आता फोन स्वतःच फोटो ओळखतो, 'झाड' म्हटले की झाडे दाखवतो, माणसांचे चेहरे वेगळे काढतो. मग ही लिहालिही कशाला? हे कौतुकास्पद आहे, मीही ते वापरतो. पण यंत्र ओळखते ते चित्रात जे दिसते तेवढे. हा वड आहे हे ते सांगेल. रस्ता रुंद करताना तोडला गेलेला शाळेमागचा वड तो हाच, हे कोठून सांगणार? ते कोणाला तरी माहीत असते, आणि त्याने लिहिले तरच उरते. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. शंभर वर्षांचा तो संग्रह आज संगणकावर आणून त्यातून सौरडागांचा अभ्यास होतो. सूर्य ओळखायला यंत्र कशाला हवे? हवी असते ती तारीख आणि वेळ.

एक सावधगिरीची सूचना मात्र दिली पाहिजे. फोटोच्या आत अक्षांश-रेखांश असतील तर ते काही मीटरांपर्यंत अचूक असू शकतात. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचा किंवा स्वतःच्या घराचा फोटो सर्वांपुढे ठेवायचा असेल, तर त्या प्रतीतून ही माहिती काढून टाका. मूळ फाइलमध्ये ती राहू द्या.

शिक्षक मित्रांनी यासाठी फार काही करायला नको. सहल किंवा प्रकल्प झाल्यानंतरचा एक तास राखून ठेवावा आणि त्या तासात मुलांकडून फोटोंची नावे व शीर्षके लिहवून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी अर्धे आठवते, महिन्याने काही आठवत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा. घरात जुन्या कागदी फोटोंचा डबा असेल. आजी-आजोबांना जवळ बसवून ते फोटो स्कॅन करा. येथे नावाची तारीख सांभाळून घाला. संगणक देईल ती स्कॅन केल्याची तारीख, फोटोची नव्हे. साल नक्की ठाऊक नसेल तर '१९६क्ष' असे लिहा, म्हणजे साठच्या दशकातले इतके कळेल; उगाच १९६५ ठोकून देऊ नका. फोटोमागे काही लिहिले असेल तर मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या आणि दोघांना एकच नाव देऊन पुढे 'अ' आणि 'ब' जोडा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे आजीला विचारा. ती दोन नावे सांगून थांबेल, मग म्हणेल, "ही बहुधा आमची धाकटी आत्या." तसेच लिहा, 'बहुधा'सकट, आणि ते कोणी सांगितले आणि केव्हा, तेही.